चौथ्या केबलबद्दल ताईला खुलासा

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (अर्धा. गुडघा परत धरला आहे, म्हणून उरलेला अर्धा मनातल्या मनात घातला, तो पोचला असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? कंबरेचा पट्टा लावतेस, की तो कपाटात आहे एवढ्यावरच बरं वाटून घेतेस? भाऊजींची शुगर, भाऊजींचा खोकला आणि या दोन्हींचं पथ्य न पाळण्याचा भाऊजींचा निश्चय, हे तिन्ही कसे आहेत तेही कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणशील तर ही खुशाल आहे, चिमी बहुधा खुशाल आहे, आणि माझ्या पोटात एक गोळा आला आहे, तो जेवणाआधी वर असतो आणि जेवणानंतर खाली. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. मी म्हटलं, डॉक्टर, गॅस नाही, नेटवर्क आहे. त्यावर त्यांनी माझा रक्तदाब पुन्हा मोजला.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू दर वाक्याला ‘बरं, मुद्द्याचं बोल’ म्हणतेस, आणि मुद्दा म्हटला की माझी दातखीळ बसते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा मोठाच गुण आहे. तेव्हा आता स्वस्थ बस, चष्मा पूस, आणि काहीतरी भयंकर घडलं असं समजून भाऊजींना हाका मारू नकोस. म्हणजे थोडं भयंकर घडून गेलं आहे, पण खरं भयंकर अजून व्हायचं आहे. ते रविवारी संध्याकाळी आहे.

रविवारी आमच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन. जुन्या सभागृहात आवाजाचं काम मी केस काळे होते तेव्हापासून बघत होतो, आणि नवं बांधलं तेव्हा जुन्या पडद्यांबरोबर मलाही इकडे हलवलं. (पडदे नंतर बदलले. मी अजून आहे.) आणि उद्घाटनाचं निवेदन आपली चिमी करणार आहे. हो, आपलीच, तू वाचलंस ते बरोबर वाचलंस. झालं असं, की एक दिवस ती माझा डबा घेऊन आली, बाकी सगळे चहाला गेले होते आणि मला माइक तपासायचा होता. म्हणून मी तिलाच स्टेजवर उभी केली आणि म्हटलं, समोर दिसेल ते वाच. समोर भिंतीवर आगीच्या वेळच्या सूचना होत्या. तिने त्या वाचल्या. आग लागल्यास घाबरू नये, लिफ्ट वापरू नये, रांगेने बाहेर पडावे, हे सगळं तिने असं काही वाचलं की आग लागली तर लागू दे, आपण बसून ऐकू या असं वाटावं. दारात सभागृहाच्या व्यवस्थापक उभ्या होत्या (त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात, बाई कमी बोलतात आणि चष्म्यावरून बघतात, त्यात सगळं येतं). त्यांनी विचारलं, ही कोण? आणि मी तोंड उघडायच्या आत चिमीने स्वतःच सांगून टाकलं की ती साउंडवाल्यांची मुलगी आहे, तिला हे काम करायला आवडेल आणि ती बोलताना अडखळते. बाई म्हणाल्या, उद्घाटनाला करून तर बघ, नीट झालं तर सभागृहाची कायमची निवेदिका तू.

आता तिचं अडखळणं तू ती बोबडं बोलायची तेव्हापासून बघितलं आहेस. शब्द येतो, दारापर्यंत येतो आणि उंबऱ्यावरच बसून राहतो. शिक्षण झाल्यापासून ती जिथे जिथे नोकरीसाठी गेली, तिथे तिथे समोरच्याने तिचं नाव तिच्या आधी स्वतःच कागदावरून वाचून टाकलं आणि ‘कळवतो’ म्हटलं. कळवलं कुणीच नाही. पण मोठ्या सभागृहात माइकपुढे उभी राहिली की तिचाच आवाज तिला समोरून लगेच ऐकू येतो, आणि त्याचं बोट धरून ती पुढे चालत राहते. फक्त तो लगेच आला पाहिजे, आणि येत राहिला पाहिजे. स्वतःचा आवाज जरा रेंगाळून कानावर आला तर तुझीमाझीसुद्धा जीभ वळत नाही, मग तिची काय कथा. म्हणजे आता तूच सांग, पोरीची नोकरी कशावर टांगलेली आहे? माझ्या ॲम्प्लिफायरांवर.

हे ॲम्प्लिफायर म्हणजे बारीक आवाज मोठा करणाऱ्या पेट्या. (आपल्या घरात यांची कधी गरज पडली नाही, तू होतीस.) जुन्या सभागृहात सगळं सरळ होतं. एक पेटी, पेटीतून जाड वायर, वायरच्या टोकाला स्पीकर. आवाज गेला तर वायर हातात धरून चालत सुटायचं, कुठेतरी ती उंदराने खाल्लेली सापडायची, की जोड मारायचा आणि हात झटकायचे. उंदीर समजणारा माणूस आहे मी. नव्या सभागृहात उंदीरच नाहीत, त्यामुळे काय बिघडलं ते कळायला मार्ग नाही. सगळ्या पेट्या एका थंडगार खोलीत कपाटात एकावर एक रचलेल्या, आणि माइकचा आवाज त्यांच्यापर्यंत जातो तो कॉम्प्युटरच्या केबलमधून, बारीक बारीक तुकडे होऊन, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून. वाटेत स्विच नावाची एक डबी असते (दिव्याचं बटण नव्हे, ही डबी पोस्टमनचं काम करते), ती पत्ते वाचून ज्याचा तुकडा त्याच्या घरी पोचवते. पलीकडे पेटी ते तुकडे पुन्हा जोडते, मोठे करते आणि स्पीकरमधून सोडते. आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी बसायला खुर्ची मागितली.

सांगणारा होता नेटवर्कवाला. पेट्यांच्या कंपनीनेच त्याला पाठवला आहे. माणूस चांगला आहे, पण त्याला घाम येत नाही. तोंडात कायम पेपरमिंट, आणि काहीही विचारा, ‘होतंय की’ हे उत्तर. मी त्याला विचारलं, एवढे तुकडे जाणार, त्यातला एखादा वाटेत हरवला तर? होतंय की. केबल तुटली तर? डबी बंद पडली तर? तर म्हणाला, काका, म्हणूनच सगळं दुहेरी करायचं. प्रत्येक पेटीला आवाज दोन वाटांनी पोचणार. पहिल्या वाटेची डबी वेगळी, दुसरीची वेगळी. विजेचे बोर्ड वेगळे. एक केबल निळी, एक पिवळी. भिंतीतून जायचे रस्तेही वेगळे. एक वाट बंद पडली तर पेटी मुकाट्याने दुसऱ्या वाटेवरून ऐकते, समोरच्या माणसाला पत्तासुद्धा लागत नाही. ताई, माझा जीव भांड्यात पडला. आयुष्यभर मी दुसरं काय सांगत आलो? आमच्या घराच्या किल्ल्यांचा जादा जुडगा शेजारी ठेवलेला आहे, आणि त्या शेजाऱ्याचा काही भरवसा नाही म्हणून आणखी एक त्याच्या शेजारी. ही मला हसते. (गेल्या महिन्यात ही बाहेर अडकली तेव्हा दोन्ही शेजारी एकत्र फिरायला गेले होते, तो भाग वेगळा.)

पण मग त्याने अट सांगितली. या दोन वाटा कुठेही, कधीही, कशानेही एकमेकींना भेटता कामा नयेत. मी मनाशी ठरवलं की हे एका घरातल्या दोन जावांसारखं आहे. चुली वेगळ्या, स्वयंपाक दोघींचाही उत्तम, पण एकीचं पातेलं दुसरीच्या ओट्यावर गेलं की संपलं. हे मला इतकं चांगलं समजलं होतं म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

दुसरं एक त्याने सांगितलं की प्रत्येक पेटीला स्वतःचं वेगळं नाव लागतं, म्हणजे पडद्यावर कोण कुठे आहे ते कळतं. तो आकडे घालणार होता. पण आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत आणि घाबरलो की मुळीच राहत नाहीत, म्हणून मी घरातली नावं घातली. खालच्या घुमणाऱ्या आवाजाची पेटी म्हणजे मोठे काका. बाल्कनीची पेटी धाकटी मामी, कारण ती कायम वरच्या पट्टीत. आणि शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू जाणारी, सगळ्यांत दणकट पेटी म्हणजे तू. याचा पुढे एवढाच त्रास झाला, की एकदा बाई खोलीत आल्या तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत ‘मोठे काका गरम झाले आहेत’ आणि त्याखाली ‘ताई सापडत नाही’ असं दिसत होतं. बाईंनी मला हळूच बाजूला घेतलं आणि घरी जायचं असेल तर जा म्हणाल्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्याशी जरा सांभाळूनच बोलतात.

आता अपराधाकडे येतो. सोमवारी रंगीत तालीम होती. पेट्या चालत होत्या, दोन्ही वाटा चालत होत्या, नेटवर्कवाल्याने मुद्दाम निळी केबल उपटून दाखवली होती, आवाजाला ओरखडासुद्धा उमटला नव्हता. दुसरा कोणी असता तर पाय पसरून बसला असता. मी विचार केला, एक वाट गेली तर दुसरी आहे हे ठीक, पण समजा पहिल्या वाटेचा अलीकडचा तुकडा गेला आणि दुसऱ्या वाटेचा पलीकडचा, तर? दोन्ही वाटा अर्ध्या अर्ध्या जिवंत, आणि आवाज मध्येच लटकलेला. दोन डब्या, समोरासमोर, एकीला दुसरीचा काडीचा आधार नाही. ताई, मला ते बघवेना. नेटवर्कवाला नाश्त्याला गेला होता. मी एक केबल काढली आणि या डबीतून त्या डबीत लावून दिली. ही तिसरी. अट मला पाठ होती, पण पाठ असणं वेगळं आणि पोटातला गोळा वेगळा. आणि गंमत बघ, काहीच झालं नाही. आवाज जसा होता तसा. मला वाटलं, ही नेटवर्कवाली माणसं उगाच भीती घालतात.

दुपारी तालीम सुरू झाली. समोर बाई, त्यांच्या शेजारी विश्वस्त मंडळी, मागे दिवेवाले, खुर्च्यांवाले, आणि कामाशिवाय आलेले बरेच. नेटवर्कवाला मागच्या बाजूला आवाज ऐकत फिरत होता. मी पेट्यांच्या खोलीत, छोट्या पडद्यावर स्टेज बघत. चिमी आली, माइकपुढे उभी राहिली आणि थांबली. आता चिमी थांबते, तिला थांबू द्यायचं असतं, त्याची मला काळजी नव्हती. मला काळजी पेट्यांची. एवढी शांतता पसरली की यंत्राला काहीतरी वावगं सुचतं असा माझा अनुभव आहे. मी डब्यांकडे पाहिलं. त्यांच्या मधे ती तिसरी केबल एकटीच लटकत होती. आणि माझ्या मनात आलं, ही तुटली तर?

मी चौथी लावली.

इथे नेटवर्कवाल्याने नंतर मला जे सांगितलं ते तुला सांगतो. एक केबल असते तोवर डब्या निरोप देतात-घेतात आणि कसंबसं निभतं. दुसरी जोडली की गोल रस्ता तयार होतो. आपल्याकडे कसं, धाकट्या मामीने मावशीला सांगितलं, मावशीने मोठ्या काकूला, आणि फिरत फिरत ते परत धाकट्या मामीकडे आलं, तर मामीला वाटतं ही नवीनच बातमी, आणि ती पुन्हा मावशीला फोन लावते. तसं एका डबीने सोडलेला निरोप तिसऱ्या केबलने जाऊन चौथीने परत आला, डबीला वाटलं नवीन, तिने पुन्हा सोडला, पुन्हा आला, आणि बघता बघता दोन्ही वाटा जुन्याच निरोपांनी तुंबल्या. खऱ्या आवाजाच्या तुकड्यांना शिरायला जागा उरेना. डब्यांवरचे दिवे एरवी शांतपणे लुकलुकतात, ते असे फडफडायला लागले की एकेक वेगळा ओळखता येईना.

आणि बाहेर काय झालं? चिमीने ‘सर्वांचं मनापासून स्वागत’ म्हटलं ते छान ऐकू आलं. मग ती म्हणाली, ‘या सभागृहाच्या उद्घाटनासाठी’. तिने ते नीट म्हटलं होतं, ताई. मी पडद्यावर तिचे ओठ बघत होतो, एक अक्षर अडलं नव्हतं. स्पीकरमधून मात्र ते आलं ‘या स... स... स... गृ... गृ...’ आणि पुढे नुसते उचकीसारखे तुकडे. संपूर्ण सभागृह, छतापासून बाल्कनीपर्यंत, मोठे काका, धाकटी मामी आणि तू धरून, अडखळायला लागलं. चिमी गप्प झाली. आणि समोरच्या लोकांना वाटलं, तीच अडखळली. विश्वस्तांपैकी एक जण मान कलती करून तिच्याकडे अशा दयेने बघायला लागले की मला ते त्या बोटभर पडद्यावरसुद्धा दिसलं. कुणीतरी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

मी चौथी केबल उपटली, तिसरी उपटली, आणि धावलो. गुडघ्याचं मला भानच राहिलं नाही. स्टेजवर जाऊन मी चिमीच्या पुढ्यातला माइक हातात घेतला. दुर्दैव असं, की तेवढ्या वेळात डब्या सावरल्या होत्या, वाटा मोकळ्या झाल्या होत्या, आणि आवाज या सभागृहात कधी लागला नव्हता इतका सुरेख लागला होता. त्या आवाजात मी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं: “माझी मुलगी आत्ता अडखळली नाही. ती अडखळते. पण आत्ता अडखळली ते मशीन होतं. ती अडखळते तेव्हा निराळं अडखळते.”

ताई, बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या सभागृहात निम्म्याहून जास्त लोकांना ती अडखळते हे माहीतच नव्हतं. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. नेटवर्कवाल्याच्या तोंडातलं पेपरमिंट हलायचं थांबलं. चिमीने कागद व्यवस्थित घडी केला, पिशवीत ठेवला आणि पायऱ्या उतरून गेली. मी माइक हातात धरून तसाच उभा, आणि माझा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता, तोही अगदी स्वच्छ.

घरी चिमी माझ्याशी बोलेना. अडखळून नाही, नुसतंच बोलेना. मीठ हवं असलं तर आईला सांगायची, आई मला सांगायची, मी द्यायचो. हिने मला तेवढ्यात दोनदा सांगितलं की आता काहीही सुधारायला जाऊ नका, नुसते बसा. नुसतं कसं बसतात ते मला खरोखर माहीत नाही. मी गिझरची वायर तपासली. ती चांगली होती. आता नाही, मी बघतो आहे.

काल सकाळी बाईंनी मला बोलावलं. मला वाटलं, झालं, चिमीचं काम गेलं आणि बरोबर माझंही. बाईंनी माझ्या हातात पाकीट दिलं. आत रविवारचं निमंत्रण, पाचव्या रांगेतली मधली खुर्ची, माझ्या नावाने. म्हणजे मी माझ्याच सभागृहात पाहुणा. चौकशी केली तर कळलं की चिमी परस्पर बाईंना भेटली होती. निवेदन करते म्हणाली, पण तिची एक अट आहे: बाबा पेट्यांच्या खोलीत नकोत, समोर प्रेक्षकांत बसवा. खोलीत नेटवर्कवाला बसेल. बाईंना अट मान्य झाली. (इतक्या लवकर मान्य झाली की मला जरा लागलं.)

आणि आज न्याहारीला चिमी माझ्याशी बोलली. मी क्षमा मागितली, सगळं सांगितलं, तिसरी, चौथी, काही लपवलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, रविवारी आवाज गेला तरी मी बोलेन. पण तुम्ही खुर्चीवरून उठलात, तर मी थांबेन.” बोलताना ‘थांबेन’वर ती अडली, मी थांबलो, मग तो शब्द आला. त्यानंतर तिने चहा घेतला आणि कामाला लागली. मी अजून त्याच वाक्यापाशी बसलेला आहे.

ताई, ज्या बापाने पोरीसाठी दोन वाटा, दोन डब्या, दोन बोर्ड केले, त्यालाच पोर म्हणते आहे की तू लांब बस. चूक माझी आहे, मी नाही म्हणत नाही. पण वाईट वाटतं ते वाटतंच. असो. मी तिला कबूल केलं आहे. रविवारी मी पाचव्या रांगेत बसणार, हात मांडीवर ठेवणार आणि पेट्यांकडे लक्षही देणार नाही. मी आता अगदी शांत आहे. हे पत्र वाचून तू काळजी करू नकोस, माझी तर बिलकुल करू नकोस.

भाऊजींना माझा नमस्कार सांग. तुमच्या घरात आता आशीर्वाद देण्याइतकं लहान कुणी उरलं नाही, तेव्हा तो तुमच्या मांजराला.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भाऊजींच्या रेडिओची खरखर त्यांनी स्वतः उघडून दुरुस्त करायचा प्रयत्न करू नये. आधी कुठली केबल कुठे होती ते कुणाला तरी सांगून ठेवावं, हे अनुभवाचे बोल आहेत.

ता. क. दुसरा. वर मी शांत आहे असं लिहिलं, ते खोटं आहे. ताई, तू रविवारी ये. दुपारच्या गाडीने निघालीस तर संध्याकाळच्या आत पोचतेस. बाईंकडून तुझ्यासाठी माझ्या शेजारची खुर्ची मागून घेतली आहे. तू फक्त एवढंच करायचं: आवाज जरा कुठे हलला आणि मी उठायला लागलो, की माझा शर्ट धरायचा आणि खाली ओढायचं. हिला सांगितलं असतं, पण ही म्हणते तिला निवेदन ऐकायचं आहे, कुस्ती करायची नाही. तुझ्याशिवाय मला धरून ठेवणारं दुसरं कुणी नाही. मला एकट्याला तिथे बसवणार नाही, ताई. खरंच सांगतो.

ता. क. तिसरा. हेच पत्र मी भाऊजींच्या ऑफिसच्या पत्त्यावरही पाठवतो आहे. कुरियरवाल्यांचं काही सांगता येत नाही. दोन्ही पोचली तर एक फाडून टाक. कुठलं ते तू ठरव, पण भाऊजींना विचारू नकोस, नाहीतर दोघं एकमेकांना विचारत बसाल आणि गाडी चुकेल.

आत्या, ही मी, चिमी. बाबांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, मी वाचलं. त्यांना वाटतंय की मी त्यांना लांब बसवलं. आत्या, माझा शब्द अडला की सगळे तो माझ्यासाठी पुरा करून टाकतात. तू करतेस, आई करते, बाईसुद्धा करतात. बाबा कधीच करत नाहीत. त्यांना लिफ्टसाठी थांबवत नाही, चहा निवेपर्यंत थांबवत नाही, पण माझ्या शब्दासाठी ते थांबतात. म्हणून मला ते समोर दिसायला हवे आहेत. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ते रडतील, आणि रविवारपर्यंत रडत राहतील. तू नक्की ये. त्यांच्या डाव्या बाजूला बस. दार तिकडे आहे.